राजुलगुट्ट्याचा नेचा

यवतमाळात आर्णी रोडला ज्या कॉलनीत नीळकंठराव पांढरीपांडे राहतात, तिथे एका बाजूला डॉक्टर आहेत, समोर निवृत्त तहसीलदार आहेत, कोपऱ्यावर तर एक माजी नगरसेवकही आहेत. पण पत्ता विचारणाऱ्याला ऑटोवाला सांगतो, "दगडवाल्याच्या बाजूले." डॉक्टरांना याचं वाईट वाटतं. तहसीलदारांना जास्त वाटतं.

दगड साधे नव्हेत, तांब्याचे. भूविज्ञान खात्यात नकाशे काढण्याची नोकरी करता करता नीळकंठराव देशभरातल्या जुन्या, बंद पडलेल्या, पाण्याने भरलेल्या तांब्याच्या खाणी हिंडले. प्रत्येक ठिकाणाहून परवानगीने एकेक दगड आणत गेले. हिरवा मॅलाकाइट, निळा अझुराइट, आणि कुठेकुठे खडकाच्या फटीत आपसूक उगवलेलं निखळ तांबं. सोनपापडीच्या डब्यांत, खाली इथलाच कापूस अंथरून, प्रत्येकाला चिठ्ठी लावून, मागच्या खोलीतल्या लोखंडी रॅकवर ते सगळे नांदत होते.

ते पाहायला कोणी येत नसे असं नाही. मुलीचं लग्न जमत नसलेली एक बाई दर संक्रांतीला यायची आणि शनीला चालणारा दगड मागायची. नेरचे विठ्ठलराव म्हणून एक शेतकरी आले होते. त्यांनी निळ्या दगडाकडे बराच वेळ पाहिलं.

"साहेब, हे मोरचूदच होय ना? संत्र्याच्या बुडाले लावाले दोन किलो देता का?"

"हे विकायचं नाही, विठ्ठलराव."

"मंग ठेवलं कायले?"

नीळकंठरावांनी त्यांना चहा दिला.

घरात चहा करायला तेच होते. मंजुषाबाई नातवाच्या जन्माच्या वेळी सव्वा महिन्यासाठी म्हणून पुण्याला मुलीकडे, मधुवंतीकडे गेल्या, आणि तो नातू, रजत, आता तिसरीत होता. यात भांडण वगैरे काही नव्हतं. कॉलनीत असे नवरे पुष्कळ. कोणाची बायको हैदराबादला, कोणाची बंगळुरूला, एकाची तर थेट कॅनडात. सरकारने यांना पेन्शन दिली आणि बायका नातवंडांच्या नावे वर्ग केल्या. संध्याकाळी बागेच्या बाकावर हे सगळे जमून एकमेकांना खिचडीच्या कृती सांगत.

मंजुषाबाईंचा रोज व्हिडिओ कॉल यायचा. फोन रजतच्या हातात असल्यामुळे त्यात बायको कमी आणि पुण्याचं छत जास्त दिसायचं. त्या छताच्या पंख्याला कुठे डाग आहे हेसुद्धा नीळकंठरावांना पाठ झालं होतं.

"बाबा, तुम्ही या की," मधुवंती म्हणायची, "फक्त दगड नको. दोन खोल्यांचा फ्लॅट आहे."

एकदा ते आठ दिवस गेलेही होते. किल्ली शेजारी दिली होती. परत आले तेव्हा राजस्थानातल्या खेत्रीच्या बाजूचा एक सुरेख निळा तुकडा शेजाऱ्यांच्या फिशटँकमध्ये होता, आणि मासे त्याच्याभोवती फिरत होते. शेजारी म्हणाले, "छान दिसून राहिला, नाही?" तेव्हापासून नीळकंठरावांनी ठरवून टाकलं की दगडांचं कुठे तरी नीट लागल्याशिवाय घर सोडायचं नाही.

लागण्यासारखं ठिकाण एकच होतं. नागपूरचे चारुदत्त बक्षी. निवृत्त प्राध्यापक, विधुर, आणि एका कॉलेजात स्वतःच्या हिकमतीने उभं केलेल्या छोट्याशा खनिज संग्रहालयाचे सर्वेसर्वा. दर गुरुवारी दोघांचा फोन व्हायचा आणि त्यात तांब्याखेरीज दुसरा विषय नसायचा. गुडघे, पेन्शन, जावई यांपैकी काहीही न बोलता तासभर बोलणारे दोन म्हातारे विदर्भात दुसरे नसावेत. नीळकंठरावांचा आठवडा गुरुवारी सुरू होऊन गुरुवारीच संपायचा.

बक्षी सरांचा एक नियम होता. नमुना घ्यायचा तो जसा निघाला तसा, आणि त्याची हकीकत घ्यायची ती आणणाऱ्याच्या तोंडून. "दगड बोलत नाही, पांढरीपांडे," ते म्हणायचे, "त्याच्यातर्फे तुम्ही बोलता. तुम्ही थाप मारलीत की तो दगड जन्मभर थापाड्या."

असे हे बक्षी सर एका गुरुवारी म्हणाले, "जागा झाली आहे. सगळा संग्रह घेतो. दसऱ्यानंतरच्या रविवारी गाडी घेऊन येतो."

नीळकंठरावांनी लगेच पुण्याला फोन लावला. या वेळी छत नव्हतं, मंजुषाबाईच होत्या.

"दगडांचं लागलं," ते म्हणाले.

"अगं बाई! कुठे?"

"नागपूरला. बक्षी सरांकडे."

"घर बरं आहे ना? एकत्र ठेवतील ना सगळ्यांना?"

"काचेच्या कपाटात."

"मग मी येते. पाठवणीला मी नको? आणि जाताना तुम्हाला घेऊनच जाते."

मधुवंतीने सोमवारच्या संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सची दोन तिकिटं काढली, शेजारशेजारची. नीळकंठरावांनी फोनवर ती तिकिटं इतक्या वेळा उघडून पाहिली की फोन गरम झाला.

मंजुषाबाई शुक्रवारी आल्या. आल्या त्या पाहुण्यासारख्या. "अहो, गाळणी कुठे असते?" "साखर याच डब्यात का?" "आमच्याकडे पाणी रात्रीच भरून ठेवतात." आमच्याकडे म्हणजे पुण्याला. नीळकंठरावांनी त्यांना धुतलेला टॉवेल काढून दिला तेव्हा दोघंही क्षणभर ओशाळले. मैनाबाई, भांडीधुणं करणाऱ्या, ओट्याशी उभ्या राहून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, आता तुमीच काकाले विचारा कुठं काय हाय ते. माहेरी आल्यावानी वाटत असन."

मंजुषाबाई हसल्या, पण त्या दिवशी त्यांनी सगळी फडताळं उघडून पाहिली.

चाळीस वर्षांत त्यांनी दगडांना कधी हात लावला नव्हता. त्यांना त्या सवती म्हणायच्या. "लग्नात मी एकटीच आले. या मागून आल्या, आणि संख्येने जास्त," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. पण शनिवारी संध्याकाळी त्या मागच्या खोलीत आल्या, रॅकसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "यातला सगळ्यात मोलाचा कोणता हो?"

हा प्रश्न विचारायला कोणी तरी यावं म्हणून नीळकंठराव किती वर्षं थांबले होते, हे सांगत बसत नाही. त्यांनी सगळ्यात वरचा डबा काढला. कापसावर एक नेचा होता, ओढ्याकाठी उगवतो तसा, पण तांब्याचा. खडकाच्या फटीत लाखो वर्षं पानाला पान फुटत गेलेला. वरून हिरवा थर, शेवाळासारखा मऊ दिसणारा, आणि मधूनमधून निळे ठिपके.

"राजुलगुट्टा म्हणून खाण होती, आंध्रात. बंद होणार होती. खालून पाणी चढत होतं. मॅनेजर म्हणाला, जायचं तर आजच जा. शेवटच्या फेरीत हा मिळाला. आता तिथे तळं आहे. दुसरा कधीच निघणार नाही."

"कधीची गोष्ट?"

"मधुवंती झाली त्या वर्षीची."

मंजुषाबाईंनी मान वर केली. "बारशाला उशिरा आला होतात."

"हो."

"अस्सं. म्हणजे ही ती."

मग त्यांनी तळहात पुढे केला. नीळकंठरावांनी नेचा त्यावर ठेवला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. नीळकंठराव बोलत राहिले. खाणीतली शिडी, गुडघाभर पाणी, मॅनेजरचा कुत्रा, त्या कुत्र्याचं नाव. चाळीस वर्षांनी बायको ऐकते आहे म्हटल्यावर माणसाला सुचेल ते सगळं त्यांनी सांगितलं. फक्त एक सांगायचं राहिलं, की तो हिरवा थर हाच खरा ऐवज. इतकं उघड होतं, की सांगावं लागेल असं त्यांना वाटलंच नाही.

रविवारी सकाळी ते बाहेर पडले. दगड बांधायला लाकडाचा भुसा हवा होता. तो आरा मशीनवर मिळाला, पण पोतं मिळेना. मग कचोरी घ्यायला थांबले. घरी यायला वेळ झाला. फाटकापाशीच मैनाबाई भेटल्या.

"काका, जाऊन पाहा! बाईनं कशी चमकवली!"

अंगणातल्या मोरीत चिंचेचा चोथा पडला होता आणि हिरवट पाण्याची एक धार नाल्याकडे निघाली होती. नीळकंठरावांनी ती धार पाहिली. त्यांना सगळं तिथेच कळलं; तरी पुढे जावंच लागतं.

बैठकीत पाटावर नवा खण, खणावर नेचा. नव्या घंगाळासारखा लखलखीत. पान न् पान लालबुंद. पुढ्यात हळदीकुंकू.

"आलात?" मंजुषाबाई म्हणाल्या. हातांना अजून मीठचिंच होती. "किती हिरवं धरलं होतं हो! रात्रभर माझ्या मनातून जाईना. हिरवं धरलेलं तांबं दिसलं की लोक काय म्हणतात? या घरात बाई नाही. एवढे नागपूरचे पाहुणे येणार, आणि त्यांनी ते पाहायचं?"

"दोनदा चिंच लावली," मैनाबाई मागून म्हणाल्या. "गरम पाण्यात. पयले तं नुसता फेस. पावडर नाई लावू दिली म्या, चरे पडते."

"आणि सासरी चाललीय," मंजुषाबाई म्हणाल्या. "पारोशी कशी पाठवू?"

नीळकंठराव भुशाचं पोतं हातात घेऊन उभे होते.

"छान," ते म्हणाले.

"खरंच?"

"छानच झालंय."

"बाकीच्याही घासून काढल्या असत्या, पण चिंच संपली."

"एवढी पुरे," नीळकंठराव म्हणाले, आणि महागाईमुळे घरात चिंच थोडीच होती याबद्दल त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा व्यापाऱ्यांचे आभार मानले.

मग ते मागच्या खोलीत जाऊन बसले. राग येईल म्हणून वाट पाहिली, आला नाही. आपण नसताना हे घर बिनबाईचं दिसतं, एवढं त्या बाईला लागलं होतं, आणि ते तिने चिंचेने घासून काढलं होतं. हे दुःख सांगावं असा माणूस साऱ्या जगात एकच होता. तो आता अर्ध्या तासात जेवायला येणार होता, आणि त्यालाच सांगता येणार नव्हतं.

बक्षी सर आले ते गाडीभर फोम आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन. उंच, वाकलेले, खिशाला दोरीने बांधलेलं भिंग. फोनवरचा आवाज अंगासकट पाहून नीळकंठरावांना बुजल्यासारखं झालं. आधी मागची खोली झाली. एकेक डबा उघडताना सर लहान मुलासारखे "आहाहा" करत होते. फिशटँकवाला तुकडा पाहून म्हणाले, "याला काय झालं?" नीळकंठरावांनी माशांसकट सगळं सांगितलं. सर खो खो हसले. "लिहून टाका. हकीकत आहे ती त्याची."

मग बैठकीत आले.

मंजुषाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या, मुलगी दाखवताना आई उभी राहते तशा. बक्षी सर पाटासमोर वाकले. भिंग डोळ्याला लावलं. काढलं. सावकाश खिशात ठेवलं.

"हे कोणी केलं?"

ट्रेमधल्या कपांचा किंचित आवाज झाला. नीळकंठरावांनी तिकडे पाहिलं नाही.

"मी," ते म्हणाले.

"तुम्ही?"

"हो."

"कधी?"

"पूर्वीच. बरीच वर्षं झाली."

बक्षी सरांनी नखाने दोन पानांच्या बेचक्यातून एक तंतू ओढून काढला. चिंचेचा होता. ओला होता. त्यांनी तो बोटावर धरून पाहिला, मग नीळकंठरावांकडे पाहिलं.

"बरीच वर्षं?"

"हो," नीळकंठराव म्हणाले.

सरांनी तंतू रुमालाला पुसला. मग ते बसले, चहा प्यायले, जेवले, वहिनींच्या वांग्याच्या भाजीचं दोनदा कौतुक केलं, कचोरीही खाल्ली. तांब्याचा विषय निघाला नाही. त्याऐवजी गुडघ्यांचा निघाला. नीळकंठरावांना तेव्हाच कळलं.

"मला थोडा विचार करू द्या," सर फाटकाशी म्हणाले. फोमने भरलेली गाडी फोमने भरलेलीच गेली.

"काय झालं?" मंजुषाबाईंनी विचारलं.

"विचार करून कळवतो म्हणाले."

"माझ्या वेळी एक जण असंच म्हणाला होता. अजून कळवतोय." मग पुण्याला जाऊन गुळगुळीत झालेली त्यांची भाषा एकदम जागेवर आली. "तुम्ही 'मी केलं' असं काहून म्हटलं?"

नीळकंठरावांनी मग सांगितलं. सगळं, हळूहळू, कुत्र्याशिवाय. मंजुषाबाई ऐकता ऐकता नेच्याशेजारी जमिनीवर बसल्या.

"म्हणजे ते हिरवं, तेच?"

"हो."

"तुम्ही काल बोलले नाहीत."

"राहिलं."

"चाळीस वर्षं दगडांबद्दल बोलून राहिले, आणि कामाचं तेवढं राहिलं!" त्या ओरडल्या. मग पदराला हात पुसून म्हणाल्या, "फोन लावा त्यांना. मी बोलते."

"जाऊ दे."

"लावा म्हणते ना."

बक्षी सर वाटेत कळंबला चहाला थांबले होते. मागे एसटीचे हॉर्न ऐकू येत होते.

"भाऊजी, ते मी केलं," मंजुषाबाईंनी एका दमात सांगितलं. "आज सकाळी. चिंच माझी, मीठ माझं. यांना काही ठाऊक नव्हतं. मला वाईट वाटू नये म्हणून बोलले ते."

"ठाऊक आहे, वहिनी," सर म्हणाले.

"मग?"

"चिंचेचं काही नाही हो. चिंच लिहिता येते. तुमच्या नावानिशी लिहून तो नेचा पहिल्या कपाटात लावला असता." मध्ये एक ट्रक गेला. "पण ते माझ्या तोंडावर दोनदा खोटं बोलले. त्या खोलीतल्या सगळ्या दगडांची हकीकत त्यांच्याच तोंडची आहे. आता त्यातलं कुठलं खरं धरू?"

"अहो, पण ते माझ्यासाठी—"

"तेही कळलं. बायकोसाठी असं कोणी खोटं बोलताना मी फार वर्षांत पाहिलं नव्हतं. निघाल्यापासून सारखं तेच डोक्यात आहे." सरांनी चहावाल्याला पैसे दिल्याचं ऐकू आलं. "पण दगड नाही नेता यायचे, वहिनी. पांढरीपांड्यांना विचारा. माझ्या जागी ते असते तर त्यांनीही नेले नसते."

मंजुषाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. फोन स्पीकरवर होता.

"बरोबर आहे त्यांचं," नीळकंठराव म्हणाले.

सोमवारी मधुवंती फोनवर म्हणाली, "बाबा, कुलूप लावून या ना सरळ!" नीळकंठराव "हो हो" म्हणाले आणि शेजाऱ्यांच्या फिशटँककडे खिडकीतून पाहिलं. मंजुषाबाई दुपारी दोनदा म्हणाल्या, "मी थांबू का?" दोन्ही वेळा ते म्हणाले, "नको, रजतची सहामाही आहे." तिसऱ्यांदा विचारतील म्हणून ते थांबले. एकदा तरी "थांब" म्हणतील म्हणून त्याही थांबल्या. दोघंही समजूतदार असल्यामुळे कोणीच आग्रह केला नाही.

संध्याकाळी ट्रॅव्हल्सच्या ऑफिसबाहेर दिवे लागत होते. मंजुषाबाई खिडकीशी बसल्या. शेजारच्या रिकाम्या जागेवर त्यांनी आपली पिशवी ठेवली, मग उचलून मांडीवर घेतली, मग पुन्हा ठेवली. काच सरकवली.

"दिवाळीला येते."

"बरं."

"आली की एकेक दाखवा. कोणाचं हिरवं ठेवायचं, कोणाचं काय, नीट सांगा. आधी ते सांगा, कुत्रा मागून."

"बरं."

"गाळणी वरच्या फळीवर ठेवली आहे."

गाडी हलली. त्यांनी हात केला की काच लावली, ते अंधारलेल्या काचेतून नीट दिसलं नाही. नीळकंठरावांनी मात्र हात वर केला आणि गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो तसाच ठेवला. मग ऑफिसातल्या बाकावर येऊन बसले. गुरुवारला अजून अवकाश होता, आणि या गुरुवारी फोन वाजेल की नाही, याचा त्यांना अंदाज येत नव्हता.

काउंटरवरचा माणूस याद्या तपासत होता. त्याने मान वर केली.

"काका, तुमची कोणती?"

"काय?"

"गाडी. हैदराबाद का मुंबई?"

"माझी नाही," नीळकंठराव म्हणाले. "बसतो थोडा वेळ. चालेल ना?"

"बसा ना, काका. पंखा लावू?"

"लाव," नीळकंठराव म्हणाले.

हैदराबादची लागली. माणसं आपापल्या बॅगा उचलून उठली. नीळकंठरावांनी त्यांना वाट देण्यासाठी पाय आत घेतले.